वादळी बेलाचं शेवटचं पान

ॲलिक स्वँकी दार लावून काम करायचा. स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं घर. पुढची खोली त्याची, मागचं स्वयंपाकघर नेट्टाचं. सकाळी ओटची लापशी खाऊन झाली की मधल्या दाराची कडी पडायची ती जेवणाच्या वेळेलाच निघायची. नेट्टा त्याची धाकटी बहीण. आई गेल्यावर भावाचं घर लावून द्यायला म्हणून चार दिवसांसाठी आली आणि राहिलीच. लग्न दोघांनीही केलं नाही, आणि त्याचं दोघांनाही फार वाईट वाटत असल्याचं कधी दिसलं नाही.

एका छपराखाली अर्धं आयुष्य काढूनही भाऊ त्या दारामागे कसा बसतो, काय करतो, हे नेट्टाने पाहिलं नव्हतं. ठाऊक होतं, अर्थात. तो मुलांच्या एका साप्ताहिकात चित्रं काढायचा. दर आठवड्याला एक पान, ‘वादळी बेला’चं. बेला म्हणजे दीपगृहात राहणारी एक कार्टी. वेणी एकच आणि ती कायम वर उभी, मोजे कायम घसरलेले, आणि मागे मागे ‘नगराध्यक्ष’ नावाचा एक ढेरपोट्या सीगल पक्षी. देशातलं कुठलंही पोर उठवून विचारा, बेला सगळ्यांना माहीत. बेला कोण काढतं हे मात्र कुणालाच माहीत नाही, कारण त्या साप्ताहिकात चित्रकाराचं नाव छापायची पद्धतच नव्हती. चर्चमध्ये कुणी चौकशी केली तर नेट्टा म्हणायची, “भाऊ छपाईच्या कामात आहे.” हे खोटं नव्हतं. खोटं ती बोलत नसे.

खोटं न बोलण्याबद्दल गावात तिची ख्यातीच होती, आणि ती काही सगळीच चांगली नव्हती. पाळकसाहेबांना ती दारातच सांगायची की आजचा उपदेश मधेच संपला असता तर मनाला जास्त भिडला असता. मिसेस लॉसनच्या केकला ती पहिला घास खाऊनच म्हणायची, “मधोमध कच्चा आहे गं.” कच्चा असायचाही. म्हणून तर बायका तिला केक द्यायला घाबरायच्या आणि तिच्याकडून शिकायलाही यायच्या.

त्या वर्षी वसंतात ॲलिक चहा कपाबाहेर ओतायला लागला. एकदा ओतला, नेट्टाने टेबल पुसलं. दुसऱ्यांदा ओतला, तिने पुन्हा पुसलं आणि म्हणाली, “कप तिकडे आहे, ॲलिक. तू खिडकीत काय बघतोयस?” तो हसून म्हणाला, “समुद्र.” खिडकीतून समुद्र दिसत नव्हता. शेजारच्या घराचं धुराडं दिसत होतं.

मग उन्हाळा सरता सरता संपादकांचा फोन आला. फोन घरातल्या बोळात होता, नेट्टा तिथलीच फरशी पुसत होती, त्यामुळे ऐकलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. “हो, गेडिस साहेब. नाही, बरा आहे. थकवा असेल.” मग बराच वेळ नुसतं ऐकणं. फोन खाली ठेवून तो तिथेच भिंतीला हात लावून उभा राहिला.

“काय म्हणतात?”

“बेलाचा डोळा गालावर आलाय म्हणतात.”

“कुठल्या बेलाचा?”

“आपल्या, बये. आपल्या बेलाचा.”

मग स्वयंपाकघरात बसून त्याने सगळं सांगितलं. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसत नाही. ओल्या शाईवर कुणी अंगठा फिरवावा तसा मधोमध डाग. कडेकडेचं दिसतं. नेट्टाकडे बघायचं तर तिच्या कानापलीकडे बघावं लागतं, मग ती थोडी दिसते. डॉक्टर म्हणाले, गेलं ते आता परत येणारं नाही, डाग पुढे वाढेलच. आणि दुसरी बातमी अशी की साप्ताहिकच बंद होतंय. नाताळचा अंक शेवटचा. नव्या वर्षी ते दुसऱ्या एका साप्ताहिकात मिसळणार. तिकडे जागा थोडी आहे, बेलाला घेणार नाहीत.

“म्हणजे एक नाताळचं पान राहिलंय,” ॲलिक म्हणाला. “तेवढं मी काढणार म्हणून सांगितलं. गेडिस म्हणाले, काढ, पण पुन्हा असं काही दिसलं तर मी ते आमच्या कचेरीतल्या पोराकडे देईन. तो तुझ्यासारखी हुबेहूब बेला काढतो.”

“मग देऊ दे की. हुबेहूब काढतो म्हणतात तर पोरांना काय कळणार आहे?”

ॲलिक तिच्या कानापलीकडे बघत म्हणाला, “डनेट गेला तेव्हा मीही हुबेहूबच काढली होती. पोरांना काहीही कळलं नाही.”

हे डनेटचं प्रकरण नेट्टाला अर्धवट माहीत होतं. ते त्या दिवशी पुरतं कळलं.

त्यांच्या वडिलांचं मासे धुरवायचं घर होतं. हॅडॉक माशांच्या जोड्या शेपट्या बांधून काठीवर टांगायच्या आणि खाली लाकडं धुमसत ठेवायची, हा त्यांचा धंदा. लहानपणी ॲलिक तिथल्याच कोळशाने माशांच्या खोक्यांच्या झाकणांवर चित्रं काढायचा. एकदा गावच्या लिलाववाल्याचं चित्र असलेलं झाकण चुकून खोक्यावर बसून लिलावाला गेलं आणि वडिलांना माफी मागावी लागली, पण लिलाववाल्याने ते झाकण घरी नेलं. शाळा सुटल्यावर तो शहरात त्या साप्ताहिकाच्या कचेरीत लागला. काम काय, तर दुसऱ्यांच्या चित्रांत जिथे काळं भरायचं तिथे काळं भरणं आणि पेन्सिलीच्या रेघा खोडणं. मग युद्ध आलं. तो सुरुंग काढणाऱ्या बोटीवर गेला आणि परत आला. पुन्हा काळं भरायला बसला. बेला तेव्हा डनेट काढायचा. त्यानेच तिला जन्माला घातलं होतं. डनेट आजारी पडला आणि एका गुरुवारी गेला, आणि पान सोमवारी हवं होतं. साहेबांनी कचेरीत सगळ्यांकडे बघितलं आणि बोट ॲलिककडे केलं.

“काळं भरून भरून त्याची रेघ मला पाठ होती,” ॲलिक म्हणाला. “त्या हिवाळ्यात मी दुसरं काही केलंच नाही. त्याची जुनी पानं समोर ठेवायची आणि गिरवायची. मला माझ्यासारखं काढायला मनाई होती. पहिल्या पानावर खाली कोपऱ्यात मी माझं नाव घातलं होतं, मुंगीएवढं. पान छापून आलं तेव्हा तिथे पांढरा ठिपका. त्यानंतर कधी घातलं नाही.”

“आणि डनेटचं नाव?”

“त्याचंही कधी नव्हतं.”

नेट्टाने कपात चहा ओतला आणि कप त्याच्या हाताला लावून दिला. “मग आता माझ्याकडून काय हवंय?”

“तुझे डोळे.”

“मला चित्रातलं काही समजत नाही, ॲलिक. मी तुझं एकही पान वाचलेलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून कधी बोलले नाही, पण तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

“माहीत आहे मला. भिंत पातळ आहे. इतक्या वर्षांत स्वयंपाकघरातून एकदाही हसण्याचा आवाज आला नाही.” तो हे अगदी सहज म्हणाला. “म्हणूनच तू हवीस. बाकी कुणीही मला म्हणेल, छान झालंय, अप्रतिम झालंय. तू नाक वाकडं असलं तर वाकडं म्हणशील.”

त्या दुपारी नेट्टाने जिन्याखालची पेटी उघडली. आत अंकांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवले होते. देवाच्या कामाव्यतिरिक्त दिवसाढवळ्या बसून वाचत राहणं तिला कधी पटलं नव्हतं, पण ज्या कामाला हात लावायचा ते माहीत तर हवं. तिने चष्मा लावला आणि पहिला गठ्ठा सोडला.

संध्याकाळी ॲलिकने हाक मारली तेव्हा चूल थंड होती.

“ही कोण रे?” तिने विचारलं. “हातात पर्स घेऊन बेलाच्या मागे धावते ती. प्रत्येक पानात आहे.”

“ती बेलाची आत्या.”

“हॅट माझी आहे.”

“जुनी हॅट आहे ती. तू टाकून दिलेली.”

“हनुवटीही माझीच आहे. ती मी टाकून दिलेली नाही.” नेट्टाने पुढचं पान उलटलं. मग सावकाश म्हणाली, “मासेवाला टॅम शेफर्ड मला ‘आत्याबाई’ म्हणतो. मला वाटायचं, वयाला मान देतो.”

“देतोच की.”

“आणि बंदरावरची पोरं मला बघून बाजूला होतात. मी पाळकीणबाईंना म्हटलं होतं की आपल्या गावात पोरांवर संस्कार चांगले आहेत.”

ॲलिकचे खांदे हसण्याने हलत होते. नेट्टा रागावली होती का, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आत्या प्रत्येक पानाच्या शेवटी हरायची. पण वादळात बोट उलटली, दिवा विझला, बेला खडकावर अडकली, तर तिला आणायला जायची तीही आत्याच, हॅट घट्ट धरून. तिने गठ्ठा पुन्हा बांधला आणि भावाला एवढंच म्हणाली, “उद्या किती वाजता बसायचं?”

दुसऱ्या दिवशी मधलं दार उघडं राहिलं.

नाताळचं पान सप्टेंबरात काढायचं असतं. छपाईला तेवढा वेळ लागतो, त्यामुळे ॲलिकच्या खोलीत ऋतू नेहमीच पुढे असायचा. बाहेर ऊन, लोक बाह्या दुमडून बटाटे काढतायत, आणि आत तो बर्फ पाडायला बसलेला. कागद जाड, पुठ्ठ्यासारखा, छापल्यावर दिसतं त्याच्या दीडपट मोठा. आधी पेन्सिल, मग शाई. शाई पडली की परतीचा रस्ता नाही.

डोळ्यांपुढे डाग पडल्यापासून त्याने एक युक्ती काढली होती. टणक पेन्सिल जोर देऊन ओढायची म्हणजे कागदावर बारीक चर पडतो. मग डाव्या हाताच्या नखाने तो चर चाचपायचा आणि उजव्या हाताने त्याच्या मागोमाग टाक न्यायचा. डोळे खिडकीकडे. नेट्टाने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तिला आईची आठवण झाली. आई म्हातारपणी विणायची तशी, टाके न बघता.

“आता बघ. वेणी.”

त्याने श्वास रोखला. मनगट हललं नाही, सबंध हात खांद्यातून फिरला, आणि रेघ खालून बारीक निघाली, पोटात जाड झाली, वर जाऊन पुन्हा केसाएवढी झाली. वेणी उभी राहिली. नुसती उभी नाही. नुकतीच ती पोरगी कुठून तरी उडी मारून आली आहे हे त्या वेणीवरून कळत होतं, आणि पोरगी अजून कागदावर आलेली नव्हती.

नेट्टा कागदावर वाकली.

“वाकडी आहे?”

“नाही.”

“मग गप्प का?”

“बघतेय,” ती म्हणाली.

ती बघत राहिली. दिवसेंदिवस तिला एकेक गोष्ट समजत गेली, आणि प्रत्येक गोष्टीपाशी ती थोडी थांबून जायची. बर्फ काढायचा नसतो, तो ठेवायचा असतो. कोरा कागद जिथे जिथे सोडून दिला तिथे तिथे बर्फ पडला. भिजलेली दोरी आणि कोरडी दोरी वेगळी लोंबते, आणि तो फरक त्याच्या हाताला न बघता येत होता. भुवईची रेघ जवभर उचलली तर माणूस चकित होतो, जवभर उतरवली तर लबाड दिसतो. “उजवीकडे,” ती सांगायची, “अजून तीळभर. थांब. डोळा नाकाला चिकटतोय.” तो खोडायचा. “आता?” “आता डोळा बरोबर आहे, पण ती कुणाकडे बघतेय ते समजत नाही.” तो पुन्हा खोडायचा. एका चौकटीत तिने त्याला इतक्या वेळा खोडायला लावलं की कागदाचे धागे निघाले आणि ती सबंध चौकट कापून नवा तुकडा चिकटवावा लागला. तो एकदाही चिडला नाही. उलट म्हणाला, “डनेट असाच होता. मेल्या माणसासारखं काळं भरतोस म्हणायचा.”

पण तिला सगळ्यात जास्त धक्का बसला तो त्याच्या चेहऱ्याचा. बंदराचा खडूस अधिकारी काढताना ॲलिकचे गाल लोंबले, ओठ खाली आले आणि तो खरोखर त्या माणसासारखा गुरगुरला. सीगल काढताना मान खांद्यात गेली, एक डोळा बारीक झाला. मग तो बेला काढायला लागला. नेट्टा त्याच्या शेजारीच बसली होती. तिच्या डोळ्यांदेखत त्या सुरकुतलेल्या, पांढऱ्या खुंटांच्या, अर्ध्या आंधळ्या चेहऱ्यावर एक छोटी मुलगी आली. आगाऊ, भुकेली, कुणालाही न घाबरणारी. काही क्षण ती तिथे राहिली, रेघ पुरी झाली, आणि मुलगी गेली. मागे ॲलिक उरला, टाक धरून.

इतकी वर्षं दार का लावून घेत होता हे तिला तेव्हा समजलं. असं रूप घेताना माणसाला कुणी बघू नये असंच वाटणार. आणि तिला हेही समजलं की रोज भिंतीपलीकडे हे होत होतं, आणि ती अलीकडे बटाटे सोलत होती. तिने मनातल्या मनात देवाचे आभार मानले, आणि कशासाठी ते नीट शब्दांत मांडता येईना, म्हणून नुसतेच मानले.

शनिवारी एकच चौकट राहिली. शेवटची.

कचेरीतून ताकीद होती की निरोपाचं काही दाखवायचं नाही. पोरांना वाईट वाटतं आणि ती पुढचं साप्ताहिक घेत नाहीत. नेहमीसारखीच गंमत हवी. ॲलिकने शेवटच्या चौकटीत बेलाला दीपगृहाच्या पायरीवर उभं केलं होतं, तोंड वाचकांकडे, एक हात वर. निरोप म्हणायला नको, नाताळच्या शुभेच्छा म्हणायला हरकत नाही. पेन्सिल झाली होती.

“सांग,” तो म्हणाला.

नेट्टाने बराच वेळ बघितलं. डोळे जागेवर होते. हात बरोबर होता. “चुकलंय काहीतरी,” ती म्हणाली.

“कुठे?”

“तेच सापडत नाही.”

“असं सांगून कसं चालेल? नाक? कान? वेणी?”

“सगळं नीट आहे. ती बेला नाही.”

त्याने पेन्सिल खाली ठेवली. गेले कित्येक दिवस तो ज्याला घाबरत होता ते तिने बोलून दाखवलं होतं. सोमवारी दुपारच्या बसने पान गेलं नाही, किंवा गेलं आणि कचेरीत पटलं नाही, तर शेवटची चौकट तो पोरगा काढणार होता. मधे रविवार. आणि रविवार म्हणजे प्रभुवार, काम वर्ज्य. त्या घरात प्रभुवारी कधी टाक उचलला गेला नव्हता. ॲलिक तिच्याकडे, म्हणजे तिच्या कानापलीकडे, बघत होता. विचारलं मात्र नाही.

“नाही,” नेट्टा म्हणाली. “उद्या नाही.”

“मी काही बोललो का?”

“तुझा चेहरा बोलतो. आता मला माहीत झालंय.”

दुसऱ्या दिवशी सुगीची उपासना होती. वेदीसमोर ओटच्या पेंढ्या, भोपळे, गाजरं, बटाटे. कोळ्यांनी जाळं आणून एका खांबाला गुंडाळलेलं. नेट्टा नेहमीच्या बाकावर बसली. दर वर्षी ती डोळे मिटून आभाराची प्रार्थना म्हणायची. या वेळी डोळे मिटेनात. पुढच्या रांगेतले कान दिसायला लागले. एकही कान दुसऱ्यासारखा नव्हता. टॅम शेफर्डची मान कॉलरवर घडी पडून बसली होती, मिसेस लॉसन गाताना एक भुवई जवभर उचलत होती, आणि प्रत्येक बटाट्याला आपला आपला डोळा होता. इतक्या वर्षांत इतक्या लोकांसोबत ती इथे बसली होती आणि कुणी काढलेत हे चेहरे, किती बारकाईने, किती निरनिराळे, हे तिने पाहिलंच नव्हतं. आणि कोपऱ्यात कुठेही सही नाही. सगळे गीतासाठी उठले तरी ती बसून राहिली, आणि मागच्या बाईला वाटलं, स्वँकीबाईंचे गुडघे दुखतायत.

उपासना संपली आणि दार उघडलं. मोठी माणसं पाळकसाहेबांशी हात मिळवत रेंगाळली. पोरं मात्र दार उघडल्याबरोबर जी सुटली ती उतारावरून थेट बंदराकडे. नेट्टा पायरीवर उभी राहून बघत राहिली. एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी ॲलिक बसण्याआधीच ती बोलली. “हात खाली घे तिचा.”

“का?”

“पोरं निरोप देत नाहीत. म्हातारी माणसं देतात. पायरीवर उभा आहेस तो तू आहेस, ॲलिक. वेणी घातलेला तू.”

तो लाल झाला. पहिल्यांदाच. “म्हणजे एवढी वर्षं काढून मला तेवढाही हक्क नाही?”

“हक्काचं मला माहीत नाही. तू मला वाकडं दिसलं तर वाकडं म्हण म्हणालास.”

बाहेर कुणीतरी डबे वाजवत गेलं. ॲलिक खिडकीकडे तोंड करून बसला होता. शेवटी त्याने हात लांब करून खोडरबर मागितलं.

मग त्याने बेला पाठमोरी काढली. बर्फातून धावत निघालेली, दीपगृहापासून दूर, एक मोजा पूर्ण गळालेला, वेणी वाऱ्याच्या उलट. चेहरा नाही. नेट्टाला वाटलं, आता सोपं झालं, डोळे काढायला नकोत. मग तिने त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि तिला समजलं की नुसत्या पाठीवरून ती हसतेय हे दाखवायचं आहे. खांद्याची एक रेघ. त्याने ती ओढली. ती हसत होती.

“आता नगराध्यक्ष,” तो म्हणाला. “हा डनेटचा नाही. हा माझ्या वेळेला आला. पहिल्यांदा नुसता कोपरा भरायला म्हणून काढला होता, तर पोरांची पत्रं यायला लागली. याला कुणाची रेघ गिरवलेली नाही.” सीगल बेलाच्या मागे फेंगडे पाय टाकत निघाला होता, पण मान वळवलेली. तो एकटा आपल्याकडे बघणार होता. “पोरं बघत नाहीत मागे. पक्षी बघतो. चालेल?”

“चालेल.”

राहिला डोळा. एक ठिपका. चर पाडून ठेवता येईल अशी ती गोष्ट नव्हती; ठिपक्याला चर नसतो. ॲलिकने टाक शाईत बुडवून झटकला आणि कागदापासून केसभर वर धरला. टाक जागा शोधत इकडे-तिकडे होत होता. नेट्टाला त्याचं मनगट धरावंसं वाटलं. धरलं नाही.

“जवभर वर,” ती म्हणाली. “डावीकडे. नाही, जास्त झालं. परत. परत. तिथे.”

हात थांबला. टाक टेकला आणि उचलला गेला.

“बघ.”

सीगल तिच्याकडे बघत होता. खट्याळ होता, नेहमीसारखा. पण त्या एका काळ्या ठिपक्यात आणखी काहीतरी होतं. कुणाला ते दिसेल, कुणाला दिसणार नाही. नेट्टाने चष्मा काढून एप्रनच्या टोकाला पुसला. “बरोबर आहे,” ती म्हणाली. तिच्या तोंडून याच्या पुढचा शब्द गावात कुणी ऐकलेला नव्हता, आणि ॲलिकला त्याची गरज पडली नाही. पान दुपारच्या बसने गेलं.

गेडिस साहेबांचा फोन आला तो दुसऱ्याच कामाचा. शेवटी जाता जाता म्हणाले, “आणि हो, पान मिळालं. नेहमीसारखंच आहे. डोळ्यांना आराम पडलेला दिसतो.” ॲलिक फोन ठेवून स्वयंपाकघरात आला आणि दोन वेळा म्हणाला, “नेहमीसारखंच आहे म्हणाले.” त्या रात्री त्याने खिमा आणि बटाटे दुसऱ्यांदा वाढून घेतले.

डिसेंबरात अंक आला तेव्हा त्याला तो दिसेल इतके डोळे राहिले नव्हते. नेट्टा अंक आणायला लॉसनबाईंच्या दुकानात गेली. काउंटरपाशी त्यांची नात कर्स्टी आपला अंक उघडून उभी होती, ओला कोट तसाच. नेट्टाने पैसे द्यायला पर्स काढली आणि नजर त्या पोरीवरच ठेवली. कर्स्टीने बेलाचं पान उघडलं. वाचताना ओठ हलत होते. शेवटच्या चौकटीपाशी ती थांबली, डोकं थोडं वाकडं केलं, आणि तिची मान नकळत खांद्यात गेली, एक डोळा बारीक झाला. नेट्टाने ती मान, तो डोळा ओळखला.

न बोलता राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. “तो नगराध्यक्ष आहे ना,” ती म्हणाली, “तो माझा भाऊ काढतो.”

कर्स्टीने तिच्याकडे पाहिलं. आत्याबाईंशी उद्धटपणे बोलायचं नसतं हे तिला ठाऊक होतं, पण मोठी माणसं कधी कधी काहीही बोलतात हेही ठाऊक होतं.

“त्याला कुणी काढत नाही,” ती समजावून म्हणाली. “तो असतोच.”

आणि तिने पान उलटलं.

नेट्टा घरी आली. ॲलिक शेगडीपाशी बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून. मधलं दार उघडंच होतं. तिने हॅटसुद्धा न काढता त्याला सगळं सांगितलं. मान कशी गेली, डोळा कसा झाला, आणि पोरगी काय म्हणाली ते शब्दाला शब्द. काही गाळलं नाही, काही चढवलं नाही.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “शेवटचं परत सांग.”

तिने परत सांगितलं.